व्यासंग आणि चरितार्थ

ज्या धर्माने ग्रंथाध्ययनाला प्रार्थनेच्या बरोबरीचे, किंबहुना तिच्याहूनही वरचे स्थान दिले, आणि त्याच वेळी आपल्या अनुयायांना सहा दिवस श्रम करून सातव्या दिवशी विसावा घेण्यास सांगितले, त्या धर्मात विद्वानाने पोट कसे भरावे हा प्रश्न केव्हा ना केव्हा उपस्थित होणारच होता. यहुदी धर्मात तो इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातच उपस्थित झाला, आणि अठरा शतकांच्या ऊहापोहानंतरही त्याचा निकाल लागलेला नाही.

वादाचे मूळ धर्मग्रंथातील दोन वचनांत आहे. एका ठिकाणी नियमशास्त्राचे चिंतन अहोरात्र करावे अशी आज्ञा आहे, तर दुसऱ्या ठिकाणी, ईश्वर वेळेवर पाऊस पाडील आणि तुम्ही आपले धान्य घरी आणाल, असे अभिवचन आहे. अहोरात्र चिंतनात मग्न असलेल्याने कापणीला जायचे तरी केव्हा? राब्बी इश्माएल यांच्या मते दुसरे वचन हे पहिल्याचे भाष्य होय: शास्त्राध्ययनाबरोबरच जगाच्या रीतीप्रमाणे शेतीभातीही करावी, हाच त्याचा आशय. राब्बी शिमोन बार योहाय यांना हे समूळ अमान्य होते. नांगरणीच्या दिवसांत नांगरणी, पेरणीच्या दिवसांत पेरणी, मग कापणी, मळणी आणि उफणणी असे वर्ष निघून गेले तर शास्त्राच्या वाट्याला उरणार काय, असा त्यांचा सवाल होता. लोक ईश्वराच्या इच्छेप्रमाणे वागले तर त्यांची कामे इतरांच्या हातून होतील, अशी त्यांची श्रद्धा होती. हा संवाद नमूद करून ठेवणाऱ्या तालमूद या आचार्यांच्या चर्चांच्या संग्रहाने पुढे अबाये या चौथ्या शतकातील बाबिलोनी आचार्याचा शेराही दिला आहे: इश्माएलच्या मार्गाने पुष्कळ गेले आणि त्यांचे निभले, शिमोनच्या मार्गाने पुष्कळ गेले आणि त्यांचे निभले नाही. अबायेचा समकालीन रावा तर याहूनही रोखठोक होता. कापणीच्या आणि द्राक्षे गाळण्याच्या महिन्यांत माझ्यासमोर येऊच नका, म्हणजे उरलेले वर्षभर तुम्हाला पोटाची चिंता राहणार नाही, अशी त्याने आपल्या शिष्यांना ताकीद दिली होती.

तालमूदातील एक आख्यायिका याच शिमोनविषयी आहे. रोमन सत्तेवर टीका केल्यामुळे जीव वाचवण्यासाठी ते आपल्या मुलासह एका गुहेत लपले, आणि झऱ्याचे पाणी व खरनूब वृक्षाची फळे यांवर निर्वाह करीत बारा वर्षे केवळ अध्ययनात रमले. बाहेर आल्यावर नांगरणी-पेरणी करणारी माणसे दिसताच, शाश्वत जीवन सोडून ही माणसे क्षणिक जीवनात गुंतली आहेत, या विचाराने ते संतप्त झाले, आणि पितापुत्रांची दृष्टी जेथे पडे तेथे सारे भस्म होऊ लागले. तेव्हा आकाशवाणी झाली की, माझी सृष्टी उद्ध्वस्त करायला बाहेर आलात काय? परत गुहेत जा! आणखी बारा महिने त्यांना आत काढावे लागले. शिमोनची योग्यता या कथेला मान्य आहे, परंतु शेतकऱ्याचा तिरस्कार करण्याचा अधिकार ती त्यांनाही देत नाही.

त्या काळातील अनेक आचार्य स्वतः कारागीर होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. योहानान चांभार होते, इसहाक लोहार होते, हिल्लेल मोलमजुरी करून त्यातील निम्मी मिळकत विद्यागृहाच्या द्वारपालाला देत असत. राब्बी यहोशुआ यांच्या घरी धर्मसभेचे प्रमुख गमालिएल एकदा गेले आणि काळवंडलेल्या भिंती पाहून, आपण कोळसेवाले दिसता, असे उद्गारले. तेव्हा, विद्वान कोणत्या कष्टाने जगतात हेही ज्याला ठाऊक नाही असा पुढारी लाभलेल्या पिढीची कीव करावी, असे सडेतोड उत्तर त्यांना मिळाले. शास्त्राचे कुदळ करून त्याने आपले शेत खणू नये, हा दंडक याच परंपरेत घडला.

या पक्षाचा सर्वांत समर्थ प्रवक्ता म्हणजे कोर्दोबा येथे ११३८ साली जन्मलेला आणि पुढे ईजिप्तमधील फुस्तात येथे स्थायिक झालेला मैमोनिदेस. जो मनुष्य उद्योग न करता दानधर्मावर जगून अध्ययन करण्याचे ठरवतो तो ईश्वराच्या नावाला बट्टा लावतो, असा निर्णय त्याने आपल्या धर्मसंहितेत दिला. मात्र त्याच संहितेत त्याने जो आदर्श कारागीर रंगवला आहे, तो दिवसाचे तीन तास कामधंदा करतो आणि नऊ तास शास्त्राध्ययन! श्रमाचा हा कैवारी व्यासंगाचा कणभरही संकोच करीत नव्हता. आणि त्याच्या स्वतःच्या आयुष्यातही या प्रश्नाचा एक करुण पैलू होता. दावीद नावाचा त्याचा धाकटा भाऊ जवाहिरांचा व्यापार करी, आणि त्या व्यापाराच्या आधारावर मोठा भाऊ निश्चिंतपणे लेखन-चिंतन करी. हिंदी महासागरात दाविदाचे जहाज बुडाले आणि त्याच्याबरोबर कुटुंबाची पुंजीही गेली. त्या शोकाने मैमोनिदेस सुमारे वर्षभर अंथरुणाला खिळला. पुढे दरबारी वैद्य झाल्यावर ११९९ साली एका अनुवादकाला लिहिलेल्या पत्रात, सकाळी कैरोला जाऊन सुलतानाच्या परिवाराची प्रकृती पाहावी, दुपारनंतर उपाशी परतावे तो अंगणात रुग्णांची दाटी, आणि रात्री बोलण्याचेही त्राण राहू नये, असा आपला दिनक्रम त्याने वर्णिला आहे.

मैमोनिदेसाचा निर्णय आदरणीय मानला गेला, पण वहिवाट वेगळ्या वाटेने गेली. सोळाव्या शतकात सफेद येथील योसेफ कारो याने, गुरुशिष्यांच्या योगक्षेमाची तरतूद झाली नसती तर शास्त्रच विस्मृतीत गेले असते, असा युक्तिवाद केला. त्याच शतकात क्राकोच्या मोशे इस्सेर्लेस याने एका जुन्या कल्पनेला कायद्याचे रूप दिले. परंपरेनुसार याकोबाचा एक पुत्र जबुलून व्यापार करी आणि त्याचा भाऊ इस्साखार अध्ययन करी. तद्वत एकाने कमवावे, दुसऱ्याने शिकावे आणि पुण्य दोघांनी वाटून घ्यावे, असा करार दोन माणसांना करता येतो, असे त्याने ठरवले. अट एवढीच की करार आधी झाला पाहिजे. संपादन झालेले पुण्य मागाहून पैशासाठी विकता येत नाही.

पुढील काळात दोन्ही प्रवाह अधिक स्पष्ट झाले. १८०३ साली आजच्या बेलारूसमधील वोलोझिन येथे राब्बी हाइम यांनी जी पाठशाळा स्थापन केली, तिच्या निर्वाहाची जबाबदारी दूरदूरच्या यहुदी वस्त्यांतून जमणाऱ्या वर्गणीने उचलली. अध्ययन जगात क्षणभरही थांबले तर सृष्टी टिकणार नाही, या श्रद्धेने तेथे रात्रीही पाळीपाळीने पठण चाले. याच्या उलट, अठराव्या शतकातील बआल शेम तोव यांच्यापासून सुरू झालेल्या हसीदी पंथाने, खाणेपिणे आणि देवघेव हेसुद्धा शुद्ध हेतूने केल्यास ईश्वरसेवाच होय, असे शिकवून निरक्षर गाडीवानालाही धर्माच्या अंतरंगात स्थान दिले.

विद्वानांवाचून हा धर्म केवळ श्रमिकांच्या आचरणावर किती तग धरू शकतो, याची साक्ष कोकणात मिळते. कुलाब्याकडच्या गावांत तेलाचे घाणे चालवणाऱ्या बेने इस्रायलांना शतकानुशतके तालमूदही ठाऊक नव्हता आणि राब्बीही लाभला नव्हता. तरीही शनिवारी घाणा बंद ठेवण्याचे त्यांनी सोडले नाही, आणि शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणूनच ओळखत. मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग उभे राहिले ते १७९६ साली. तोवर त्यांचा धर्म सुंता, आहारनियम, मुखोद्गत प्रार्थना आणि सहा दिवसांच्या कष्टानंतरचा तो विसावा यांवर टिकून होता.

आजच्या इस्रायलमध्ये या प्रश्नाने राजकीय रूप धारण केले आहे. १९४८ साली राज्य स्थापन होताना युरोपातील पाठशाळा नाझींच्या संहारात नामशेष झाल्या होत्या; ती विद्या पुन्हा रुजावी या हेतूने बेन गुरियन यांनी सुमारे चारशे विद्यार्थ्यांना सैन्यसेवेतून सवलत दिली. सवलतीच्या संख्येवरील मर्यादा १९७७ साली बेगीन सरकारने काढून टाकली. पुढे सवलत घेणाऱ्यांची संख्या हजारोंनी वाढत गेली, पाठशाळांना सरकारी तिजोरीतून अनुदान मिळू लागले, आणि हरेदी या कट्टर सनातनी समाजातील जवळजवळ निम्मे पुरुष नोकरीधंद्याबाहेर राहिले. अनेक घरांत पत्नी कमावते आणि पती शिकतो, म्हणजे जबुलून आणि इस्साखार एकाच छपराखाली नांदतात. जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, या सवलतीला कोणताही कायदेशीर आधार उरलेला नाही, असा एकमुखी निर्णय दिला.

हरेदी पक्षाचे म्हणणे उथळ नाही. अध्ययनाने राष्ट्राचे रक्षण होते अशी त्यांची मनःपूर्वक धारणा आहे, त्यामुळे ज्याला इतर लोक फुकटचा तनखा समजतात तो त्यांच्या दृष्टीने सेवेचा मोबदला असतो. तरीही त्यांच्याच परंपरेचा दाखला घेऊन त्यांना एक गोष्ट विचारता येईल. अबायेने शिमोनचा मार्ग खोटा ठरवला नाही, तो पुष्कळांना पेलत नाही एवढेच सांगितले. चारशे जणांसाठी काढलेली तरतूद एका समग्र समाजाची जीवनपद्धती झाली, तेव्हा हा इशारा बाजूला पडला. आणि इस्सेर्लेसच्या करारात कमावणाऱ्याची संमती गृहीत होती. आज कर भरणारा आणि आपल्या मुलाला सीमेवर धाडणारा सामान्य नागरिक जबुलूनची भूमिका वठवीत आहे खरा, पण करारनाम्यावर त्याची सही कोणी घेतलीच नाही. ती सही मिळवणे, अथवा तिच्यावाचून ज्यांचा भार समाज राजीखुशीने वाहील एवढ्याच निवडक अभ्यासकांवर संतुष्ट राहणे, हे दोनच मार्ग इश्माएल आणि शिमोन या दोघांच्याही वारसांपुढे उरतात.