मुलांनीं वांचविलेलें शहर

जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतांत, व्यर्नित्स नदीच्या कांठीं, डिंकल्सब्यूल नांवाचें एक लहानसें शहर आहे. लोकवस्ती सुमारें 12,000. म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गांवाएवढी. तरी दूरदूरचे प्रवासी तेथें जातात, आणि विशेषतः जुलै महिन्यांत जातात. कारण त्या महिन्यांत तेथें ‘किंडरत्सेखे’ नांवाचा उत्सव असतो. ‘किंडर’ म्हणजे मुलें आणि ‘त्सेखे’ म्हणजे खाण्यापिण्याचा खर्च. गांवानें आपल्या खर्चानें मुलांना दिलेली मेजवानी, असा ह्या नांवाचा सरळ अर्थ होय.

उत्सवापूर्वीं शहराची थोडी ओळख करून घेऊं. शहराभोंवतीं जुना तट असून त्यास चार वेशी आहेत. एकीस नदीचें नांव आहे. बाकीच्या तिघी ज्या गांवांच्या वाटेवर उघडतात, त्या गांवांच्या नांवांनीं ओळखल्या जातात. एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील पुष्कळ शहरांनीं आपले तट अडगळ समजून पाडून टाकले. परंतु 1826 सालीं बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग ह्यानें येथील तट पाडण्यास मनाई केली, म्हणून तो आज उभा आहे. मध्यभागीं संत जॉर्जचें भव्य मंदिर आहे. त्याचें बांधकाम 1448 पासून 1499 पर्यंत चाललें होतें. पाव भाजणाऱ्यांच्या संघानें त्यांतील एका खिडकीचा खर्च दिला. म्हणून तिची दगडी जाळी त्यांच्या पीळदार पावाच्या आकाराची केली आहे!

आतां उत्सवाची कथा ऐका. 1618 पासून 1648 पर्यंत जर्मनींत एक भयंकर युद्ध चाललें होतें. त्यास तीस वर्षांचें युद्ध म्हणतात. आपल्याकडे शिवाजीमहाराजांचा जन्म 1630 सालीं झाला आणि त्याच सुमारास दक्षिणेंत मोठा दुष्काळ पडला. त्याच काळांतील ही गोष्ट आहे. 1632 सालीं प्रॉटेस्टंट पंथाचें स्वीडिश सैन्य डिंकल्सब्यूलपुढें येऊन ठाकलें. शहराचा कारभार कॅथॉलिक पंचांच्या हातीं होता, आणि नागरिकांत प्रॉटेस्टंट पुष्कळ होते. लढावें कीं शरण जावें, ह्याचा वाद माजला. अखेर वेशी उघडल्या. परंतु स्वीडिश सेनानी स्पेरॉयट हा संतापलेला होता, व त्यानें शहर लुटून उध्वस्त करण्याचा हुकूम दिला. तेव्हां वेशीवरील पहारेकऱ्याची मुलगी लोरे हिनें गांवांतील मुलें गोळा केलीं, आणि तीं गात गात सेनानीच्या पुढें जाऊन गुडघे टेकून दयेची याचना करूं लागलीं. त्यांतील एका बालकास पाहून सेनानीस आपल्या मृत पुत्राची आठवण झाली. त्याचें मन द्रवलें आणि शहर वांचलें.

हा प्रसंग दरवर्षीं नाटकरूपानें दाखविला जातो. हें नाटक लुडविग श्टार्क ह्यानें लिहिलें असून 1897 पासून तें होत आलें आहे. नट कोणी धंदेवाईक नसतात. गांवचेच लोक सेनानी, पंच व शिपाई होतात. रस्त्यांतून मिरवणूक निघते. तींत जुन्या धर्तीचे पोषाख केलेले स्वीडिश स्वार, निरनिराळ्या धंद्यांच्या संघांचे नाच आणि लाल-पांढऱ्या गणवेषांतील मुलांचें वाद्यपथक असतें. शेंकडों मुलें ह्यांत भाग घेतात, आणि शेवटीं मुलांना मिठाईनें भरलेले कागदी शंकूसारखे पुडे मिळतात. ह्या पुड्याची वाट तेथील मुलें वर्षभर पाहत असतात.

येथें चाणाक्ष विद्यार्थी विचारील, “ही गोष्ट खरी आहे काय?” प्रश्न योग्य आहे व त्याचें उत्तर प्रामाणिकपणें दिलें पाहिजे. स्वीडिश सैन्य आलें व शहर शरण गेलें, हें खरें आहे. परंतु मुलांच्या विनवणीस त्या वेळच्या कागदपत्रांचा आधार मिळत नाहीं. उत्सवाचें मूळ दुसरेंच आहे. जुन्या लॅटिन शाळेंतील विद्यार्थ्यांना गांवाच्या खर्चानें वर्षांतून एकदां मेजवानी देण्याची चाल होती. त्या मेजवानीशीं पुढें युद्धाची आठवण जोडली गेली, आणि दोहोंची मिळून ही कथा बनली.

मग उत्सव खोटा ठरतो काय? मला तसें वाटत नाहीं. इतिहास काय घडलें तें सांगतो; दंतकथा लोकांना काय जपावेंसें वाटलें तें सांगते. ह्या शहरानें आपल्या आठवणींत विजयी सेनापतीस मानाची जागा दिली नाहीं. ती एका पहारेकऱ्याच्या मुलीस दिली. शिवाय युद्धानंतर, 1648 च्या तहान्वयें, येथील अधिकाराच्या जागा दोन्ही पंथांत सारख्या वांटण्याचें ठरलें. वैऱ्यांनीं एकत्र नांदावें, ही गोष्ट ह्या तटाच्या आंत केवळ नाटकापुरती राहिली नाहीं.

म्हणून असा उत्सव पाहावयास जाणाऱ्यानें दोन गोष्टी बरोबर न्याव्या. एक, खरें काय व रचलेलें काय हें विचारण्याची बुद्धि. आणि दुसरी, रचलेल्या गोष्टींतही लोकांचें मन ओळखण्याची सहृदयता. पहिली नसेल तर आपण भोळे ठरूं. दुसरी नसेल तर रस्त्यांतून जाणारी मिरवणूक दिसेल, पण ती कां निघाली हें कळणार नाहीं. आपल्या गांवची जत्रा पाहतांनाही, बालमित्रांनो, हा प्रयोग करून पाहा. ती केव्हां व कां सुरू झाली, हें घरांतील वडील माणसांना विचारा. आणि तें सांगतांना त्यांचा चेहरा कसा उजळतो, तेंही पाहा.