धोनी धावबाद झाला, तेव्हा सर्व्हरचे काय झाले?

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाताना लागणारे चितेगाव एकेकाळी ओळखले जाई ते ‘व्हिडिओकॉन’मुळे. घरोघरी क्रिकेट दाखवणारे दूरचित्रवाणी संच बनवणारी ही कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. दरम्यान सामना मोबाइलवर आला आणि मोठा तांत्रिक फरक पडला. एक घर वाढले म्हणून दूरचित्रवाणी प्रक्षेपकावरील भार वाढत नसे. मोबाइलवर मात्र प्रत्येक प्रेक्षकागणिक सर्व्हरचे काम वाढते.

१० जुलै २०१९ रोजी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारत-न्यूझीलंड झुंज ‘हॉटस्टार’वर एकाच वेळी २ कोटी ५३ लाख प्रेक्षक पाहत होते. धोनी धावबाद होताच ही संख्या काही मिनिटांत कोसळली. भार हलका झाला, असे वाटेल. परंतु सामना सोडणारा प्रेक्षक अ‍ॅपच्या मुख्य पानावर परततो. म्हणजे चित्रफीत पुरवणाऱ्या सर्व्हरवरचा ताण उतरत असतानाच मुख्य पानाच्या सर्व्हरवर झुंबड उडते.

अशा वेळी माणसाने एकेक सर्व्हर सुरू करणे अशक्यच. नवा सर्व्हर कामाला लागेपर्यंतही काही मिनिटे जातात. म्हणून ‘हॉटस्टार’च्या अभियंत्यांनी तयार यंत्रणेवर विसंबून न राहता, प्रेक्षकसंख्येनुसार आधीच सर्व्हर वाढवणारी स्वतःची आज्ञावली वापरली. ताण हाताबाहेर गेल्यास शिफारशींसारख्या दुय्यम सेवा बंद कराव्यात, चित्रफीत मात्र चालू राहावी, हेही आधीच ठरलेले होते.

पायाभूत यंत्रणेचे हे स्वयंचलन ‘डेव्हऑप्स’ अभियंत्यांचे रोजचे काम आहे. २०१४ मध्ये आलेल्या ‘टेराफॉर्म’मध्ये किती सर्व्हर, कोणते नेटवर्क, कोणती साठवण हवी, हे मजकुराच्या फाइलमध्ये लिहितात. ‘प्लॅन’ ही आज्ञा देताच काय नवे उभारले जाईल, काय बदलेल आणि काय नष्ट होईल, याची यादी अंमलबजावणीपूर्वीच दिसते. उभारलेल्या सर्व्हरवर सॉफ्टवेअर बसवणे, सेटिंग लावणे यासाठी ‘अ‍ॅन्सिबल’ वापरतात. नीट लिहिलेली तीच फाइल पुन्हा चालवली, तरी झालेले काम दुबार होत नाही.

हाताने केलेल्या कामाची किंमत अमेरिकेतील ‘नाइट कॅपिटल’ने मोजली. २०१२ मध्ये आठपैकी एका सर्व्हरवर नवी आज्ञावली बसवायची राहून गेली आणि सुमारे पाऊण तासात कंपनीचे ४४ कोटी डॉलर बुडाले.

मात्र स्वयंचलन चूकही तितक्याच वेगाने पसरवते. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’च्या एका सदोष अद्ययावतीकरणाने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. म्हणूनच कोणताही बदल आधी चाचणी यंत्रणेवर, मग मोजक्या सर्व्हरवर आणि शेवटी सर्वत्र, हा क्रम पाळावा लागतो. फाइल दुसऱ्या सहकाऱ्याने तपासणे आणि मागे फिरण्याची वाट तयार ठेवणेही तितकेच आवश्यक.

१९ नोव्हेंबर २०२३ च्या अंतिम सामन्यावेळी ‘हॉटस्टार’वरील एकाच वेळच्या प्रेक्षकांची संख्या ५ कोटी ९० लाखांवर गेली. एवढा भार पेलताना यंत्राच्या वेगाइतकेच मोल असते ते माणसाने शांतपणे, आधी घेऊन लिहून ठेवलेल्या निर्णयाला.