वणवा दूर, तरी खोकला घरात कसा?



मोहफुलांचा हंगाम आला की आपण अंधारातच टोपली घेऊन निघतो. फुलं नीट दिसावी म्हणून कुणी झाडाखालचा पाचोळा पेटवून देतं. वारा सुटला की तीच आग जंगलात शिरते आणि वणवा होतो. नागभीडकडच्या एका बैठकीत एका ताईने विचारलं, "मॅडम, वणवा तर दोन कोस दूर होता, मग माह्या पोराले खोकला काहून आला?" प्रश्न अगदी योग्य आहे. म्हणून आज धुराबद्दल थोडं समजून घेऊ.

धूर म्हणजे नुसता वायू नाही, त्यात अतिशय बारीक कण असतात. पान तापलं की आधी त्यातलं पाणी उडून जातं. मग पानातले, काडीतले तेलकट पदार्थ वाफ होऊन बाहेर पडतात. आगीला भरपूर हवा मिळाली तर यातला बराच भाग जळून जातो आणि थोडी काळी काजळी उरते, आपल्या भांड्याच्या बुडाला बसते तशीच. पण ओलसर पाचोळा किंवा लाकडाचं खोड ज्वाळेशिवाय धुमसत राहिलं, तर या वाफा न जळताच वर जातात. वर थंड झाल्या की त्यांचे बारीक थेंब होतात, काही काजळीवर चिकटतात. रोजच्या फोडणीची वाफ डब्यांवर बसून चिकट थर होतो, तसंच हे.

हे कण वाटेत बदलतातही. एकमेकांवर आदळून चिकटतात, मोठे होतात. उन्हात धुरातल्या काही वायूंवर रासायनिक क्रिया होऊन नवे कण तयार होतात. म्हणून धूर विरळ दिसला, वास कमी झाला, तरी हवा स्वच्छ झाली असं समजू नका. पाऊस पडला नाही तर हे कण कित्येक दिवस हवेत राहतात आणि वाऱ्याबरोबर लांबच्या गावात पोहोचतात.

यातले बहुतेक कण 2.5 मायक्रॉनपेक्षा लहान असतात, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या वीस-पंचविसाव्या भागाहूनही बारीक. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसात खोलवर जातात. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांना, गरोदर बायांना, लेकरांना आणि म्हाताऱ्यांना त्याचा त्रास जास्त.

आता पहाटेचं बघा. रात्री जमीन थंड होते, तिच्याजवळची हवाही थंड आणि जड होते. वरची हवा उबदार राहते आणि झाकणासारखी बसते. त्यामुळे धूर खाली, सखल भागात, बोडीच्या आसपास दबून राहतो. नेमक्या त्याच वेळी आपण वाकून मोह वेचत असतो. ऊन चढलं की जमीन तापते आणि धूर वर उठतो.

मग काय करायचं?

• पाचोळा पेटवू नका. झाडून बाजूला करा आणि झाडाखाली जाळी किंवा जुनी साडी अंथरा. फुलंही स्वच्छ मिळतात आणि मोहाची लहान रोपं वाचतात.
• धूर दाट असेल तर उजाडून ऊन चढल्यावर निघा.
• पदर किंवा ओला रुमाल मोठी धूळ अडवतो, हे कण नाही. घट्ट बसणारा एन-95 मास्क उपयोगी पडतो.
• धुराच्या दिवशी घरात चुलीचा धूर वाढवू नका. दम लागला, छाती भरली तर आशाताईला लगेच सांगा.
• आग दिसली तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. राखीव जंगलात आग लावणं 1927 च्या भारतीय वन कायद्याप्रमाणे गुन्हा आहे.

झाडायला वेळ लागतो, हे मलाही मान्य आहे. एकटीला ते जड जातं. पण चार-पाच जणी मिळून एकेकीचं झाड झाडलं तर जमतं. पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की हा विषय घ्या: आपल्या गटातली एकही बाई यंदा मोहाखाली काडी लावणार नाही.