हेल्मेटलाही वय असते

२५ जुलै २००९. हंगेरीतील हंगेरोरिंग ट्रॅकवर फॉर्म्युला वनची पात्रता फेरी सुरू होती. रुबेन्स बारिकेलोच्या गाडीची एक स्प्रिंग निखळली आणि मागून सुसाट येणाऱ्या फेलिपे मासाच्या हेल्मेटवर, डाव्या डोळ्याच्या वरच्या बाजूला आदळली. मासाच्या कवटीचे हाड मोडले, शस्त्रक्रिया करावी लागली. पण तो वाचला आणि पुढच्या वर्षी पुन्हा शर्यतीत उतरला. या अपघातामुळे हेल्मेटचे कवच संपते आणि समोरची काच सुरू होते, ती जागा कमकुवत असल्याचे लक्षात आले. २०११पासून फॉर्म्युला वनमध्ये तिथे झायलॉन या चिवट धाग्याची पट्टी सक्तीची झाली.

हेल्मेटचे बरेचसे नियम असेच अपघातांतून आले आहेत. अमेरिकेत १९५६मध्ये विल्यम ‘पीट’ स्नेल या हौशी चालकाचा शर्यतीत डोक्याला मार लागून मृत्यू झाला. हेल्मेट असूनही उपयोग झाला नाही. त्याच्या स्मरणार्थ १९५७मध्ये स्थापन झालेली ‘स्नेल मेमोरियल फाउंडेशन’ आजही हेल्मेट तपासते. प्रमाणपत्र दिल्यावरही बाजारातून हेल्मेट विकत आणून पुन्हा फोडून पाहते. जागतिक संघटना ‘एफआयए’चे निकष आणखी कडक आहेत. २०१९पासून फॉर्म्युला वनमध्ये सक्तीच्या झालेल्या ‘८८६०-२०१८’ या मानकात २२५ ग्रॅम वजनाचा धातूचा तुकडा ताशी २५० किलोमीटर वेगाने हेल्मेटवर मारला जातो.

हेल्मेट नेमके करते काय? बाहेरचे टणक कवच धक्का पसरवते. खरे काम आतल्या थराचे. हा थर पॉलिस्टायरीनचा, म्हणजे आपल्या ओळखीच्या थर्माकोलच्या जातीचा असतो. आघात होताच तो दबतो, डोके थांबायला क्षणाचा काही हजारावा भाग जास्त मिळतो आणि मेंदूला बसणारा हिसका कमी होतो. मात्र एकदा दबलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही. त्यामुळे जोराचा मार बसलेले हेल्मेट बाहेरून ठणठणीत दिसले, तरी त्या जागी त्याचे काम संपलेले असते.

मार न बसताही हेल्मेट जुने होते. घाम, केसांचे तेल, सौंदर्यप्रसाधने आणि रोजचा वापर यांमुळे त्यातले भाग झिजतात. म्हणूनच साधारण पाच वर्षांनी हेल्मेट बदलावे, अशी स्नेलची शिफारस आहे. दुसरी मुदत नियमांची. स्नेल दर पाच वर्षांनी नवे मानक आणते : ‘एसए २०१५’, ‘एसए २०२०’, ‘एसए २०२५’. अनेक आयोजक चालू आणि त्याआधीचे अशी दोनच मानके स्वीकारतात. त्यामुळे कपाटात कोरे पडून राहिलेले हेल्मेटही एके दिवशी तपासणीत नापास होते.

अक्षरांनाही अर्थ आहे. ‘एसए’ मोटारशर्यतीसाठी, तर ‘एम’ मोटारसायकलसाठी. गाडी उलटली तर डोके आतल्या लोखंडी पिंजऱ्यावर आपटू शकते, इंधन पेट घेऊ शकते. म्हणून ‘एसए’ हेल्मेटची पिंजऱ्यावरच्या आघाताची आणि आगीचीही परीक्षा होते. ‘एम’ची होत नाही. त्यामुळे दुचाकीचे महागडे हेल्मेट घालूनही मोटारशर्यतीत उतरता येईलच असे नाही.

भारतात दुचाकीस्वारांच्या हेल्मेटला १ जून २०२१पासून ‘आयएसआय’ चिन्ह सक्तीचे आहे. ते रस्त्यासाठी, शर्यतीत उतरायचे तर आयोजकांच्या नियमावलीतले मानकच लागते. पण थर्माकोलचा नियम दोन्हीकडे सारखाच. त्यामुळे कोणाचे तरी वापरलेले हेल्मेट स्वस्तात घेणे धोक्याचे ठरू शकते. ते किती वेळा आणि किती जोरात आपटले आहे, हे दिसण्यावरून कळत नाही.

हेल्मेट घेताना आतले मऊ अस्तर बाजूला करून लेबल पाहावे, उत्पादनाची तारीख वाचावी, पट्टा बांधून ते डोक्यावर फिरत नाही ना हे तपासावे. आणि एकदा जोराचा मार बसला, की ते कितीही आवडते असले तरी निवृत्त करावे. त्याने आपले काम केलेले असते.