तानसाच्या जंगलाचा ताळेबंद

मुद्दल आणि व्याज यांतील भेद व्यापाऱ्याच्या घरी कोणाला शिकवावा लागत नाही. मुद्दल शाबूत ठेवून व्याजावर चालणारी पेढी पिढ्यान्‌पिढ्या टिकते. मुद्दलच खर्चात घालणारी फार दिवस उभी राहत नाही. शहापूर तालुक्यातील तानसा अभयारण्याचे पर्यटनमूल्य ठरवतानाही हाच निकष लावणे इष्ट ठरेल.

तानसा धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले. त्या जलाशयाभोवतीचे आणि माहुली गडाखालचे जंगल या अभयारण्यात येते. नामशेष झाला असे समजला गेलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याकडे पुन्हा आढळला आणि २०१४ मध्ये त्याची नोंद तानसाच्या जंगलातही झाली.

अशा स्थळाची किंमत बाजारात ठरत नाही. त्यासाठी अमेरिकन अर्थतज्ज्ञ हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी १९४७ मध्ये एक मार्ग सुचवला. मुंबईहून लोकलने आसनगावला उतरून माहुलीला जाणारे कुटुंब प्रवासभाडे व खाणेपिणे यांवर खर्च करते, शिवाय एक दिवसाचा धंदा सोडते. ही सगळी त्या भेटीची किंमतच होय. जवळचे लोक वारंवार येतात, लांबचे क्वचित. या फरकावरून मागणीचा आलेख काढला की, प्रत्यक्ष खर्चापलीकडे लोक आणखी किती मोजायला तयार झाले असते, हे कळते. यालाच उपभोक्त्याचे संतोषाधिक्य म्हणतात.

मात्र या हिशेबात येणाऱ्याचीच नोंद होते, राहणाऱ्याची नाही. मध, मोहफुले, रानभाज्या यांवर गुजराण करणारी कातकरी, ठाकूर, वारली कुटुंबे तिकीट काढून जंगल पाहायला येत नाहीत. त्याच जंगलाच्या पाणलोटातून तलावात येणारे पाणी मुंबईच्या नळाला जाते; तेही पर्यटनाच्या खात्यात दिसत नाही. उलट तानसा, भातसा, वैतरणा यांचे पाणी महानगराला पुरवणाऱ्या शहापूर तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

शेजारच्या मुरबाड तालुक्यातून माळशेज घाटाकडे पावसाळ्यात लोंढे जातात. कणीस, चहा, भजी विकणाऱ्यांचा हंगाम साधतो. गर्दी ओसरल्यावर प्लॅस्टिक मागे उरते. विक्रीचा आकडा जमेस धरला, तर सफाईचा खर्चही नावे टाकलाच पाहिजे.

म्हणून पर्यटनाचे उत्पन्न हे व्याज समजावे आणि जंगल व पाणी हे मुद्दल. व्याजाचा पहिला वाटा गावातील वाटाड्यांना, घरगुती खाणावळींना आणि वणवा रोखणाऱ्या हातांना मिळाला, तर मुद्दल राखण्यात गावाचेही हित राहील. शहापूर-मुरबाडकडे सहलीला निघालेल्या कुटुंबाने गावातल्या घरी पैसे देऊन जेवण घेतले आणि आपला कचरा पिशवीत भरून परत नेला, तरी या खात्यात त्याची जमा पडते. मात्र पाड्यावरचा हंडा उन्हाळ्यात भरेपर्यंत हा ताळेबंद जुळला असे म्हणता येणार नाही.