डायनोसॉरविषयीची पुस्तके आणि त्यांची पारख

शाळेच्या कपाटात डायनोसॉरविषयीचे एखादे पुस्तक असले, की मुले ते पाने सुटेपर्यंत चाळतात. पंचाईत होते ती दुसरे पुस्तक आल्यावर. एकात तो महाकाय प्राणी शेपटी जमिनीवरून फरपटत चाललेला असतो, तर दुसऱ्यात तीच शेपटी आडवी उचललेली असते. मूल विचारते, "गुरुजी, यातलं खरं कोणतं?" अशा वेळी ‘दोन्ही बरोबर’ असे म्हणून वेळ मारून नेल्यास छापील अक्षरावरील मुलाचा विश्वास उडतो, नाही तर आंधळा होतो.

वास्तविक या प्रश्नाला उत्तर आहे. या प्राण्यांच्या पायांचे ठसे खडकांत पुष्कळ ठिकाणी सापडले आहेत; परंतु त्यांच्यामागे शेपटी घासल्याची रेघ क्वचितच आढळते. म्हणून उचललेल्या शेपटीचे चित्र अधिक विश्वसनीय. जे पुस्तक असा पुरावा सांगते ते चांगले. जे केवळ विधान करते ते जपून वापरावे.

या विषयात कालचे मत आज चूक ठरते, आणि त्यात लेखकाची लबाडी असतेच असे नाही. इंग्लंडात गिडिअन मँटेल यांनी इग्वानोडॉनचे एक शंकूसारखे हाड नाकावरील शिंग मानले. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस उद्यानात १८५४ साली उभारलेल्या पुतळ्यांतही ते नाकावरच बसविले गेले. पुढे १८७८ मध्ये बेल्जममधील बेर्निसार येथील कोळशाच्या खाणीत जवळजवळ संपूर्ण सांगाडे निघाले, तेव्हा ते हाड अंगठ्याचे ठरले! ओव्हिरॅप्टरची कथा याहून करुण आहे. अंड्यांजवळ सापडला म्हणून १९२४ मध्ये त्याचे नाव ‘अंडीचोर’ या अर्थाचे ठेवले गेले. १९९३ मध्ये मंगोलियात तशाच एका अंड्यात त्याच्याच कुळातील गर्भ आढळला. अंडी घरचीच होती. आळ गेला, नाव मात्र राहिले.

यास्तव शिक्षकांनी प्रथम मुद्रणाचे साल पाहावे. पुस्तक भाषांतरित असेल तर मूळ ग्रंथाचे. चीनमधील सिनोसॉरोप्टेरिक्सच्या अंगावर पिसांसारखे आवरण असल्याचे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यापूर्वीच्या पुस्तकात ही माहिती नसल्यास लेखकाला दोष देता येत नाही. आज छापलेल्या पुस्तकातही ती नसेल, तर जुन्याची नक्कल झाली असे समजावे.

रंगांची गोष्ट निराळी. बहुतेक चित्रांतील रंग चित्रकाराच्या कल्पनेतले असतात. तथापि याच सिनोसॉरोप्टेरिक्सच्या शेपटीवर तांबूस-तपकिरी पट्टे होते, असे जीवाश्मातील रंगकणांच्या तपासणीवरून २०१० मध्ये दाखविण्यात आले. ज्ञात काय आणि तर्काचे काय, हा भेद लेखक करतो की नाही, तेवढे पाहावे. वजनाचा आकडा ‘सुमारे’ या शब्दावाचून येत असेल, तर तेथे थांबावे.

काही चुका मात्र अक्षम्य होत. डायनोसॉरबरोबर गुहेतला माणूस दाखविणारे पुस्तक मुलांच्या हाती ज्ञान म्हणून देऊ नये. पक्षी वगळता डायनोसॉर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच नष्ट झाले. स्टेगोसॉरस आणि टायरॅनोसॉरस यांची झुंजही अशीच अशक्य, कारण त्यांच्यात सुमारे आठ कोटी वर्षांचे अंतर आहे. आकाशात उडणारे टेरोसॉर व समुद्रातील इक्थिओसॉर हे डायनोसॉर नव्हेत, हेही पडताळावे.

नावांच्या फरकाने गोंधळून जाऊ नये. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे सापडलेल्या लांब मानेच्या डायनोसॉरला १९९७ मध्ये टायटॅनोसॉरस कोल्बर्टी म्हटले गेले; २००३ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याचे इसिसॉरस असे नामांतर झाले. प्राणी एकच. परदेशी पुस्तकांची भाषांतरे वाचणाऱ्या मुलांना असा प्राणी महाराष्ट्रात होता हे बहुधा ठाऊकच नसते.

जुने पुस्तक रद्दीत घालण्याचे कारण नाही. मुखपृष्ठाच्या आतील बाजूस एक चिठ्ठी चिकटवून तीवर मुद्रणाचे साल व आढळलेली दुरुस्ती मुलांकडूनच लिहवून घ्यावी. जुने व नवे चित्र शेजारी ठेवून फरक शोधण्यास सांगितले, तर चौथीची मुलेसुद्धा तासभर रमतात.