परमुलखातली लढाई आणि घरातले प्रश्न

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या रहिमतपुरात रणदुल्लाखानाची म्हणून ओळखली जाणारी कबर आहे. विजापूरच्या आदिलशाहीचा हा सरदार सतराव्या शतकात कर्नाटकाच्या मोहिमेवर गेला होता. शहाजीराजेही त्या मोहिमेत होते. सरदाराची कबर अजून उभी आहे. त्याच्याबरोबर गेलेले आणि परत न आलेले शिपाई कोण होते, हे मात्र कुणालाच ठाऊक नाही. परमुलखात सैन्य पाठवायची गोष्ट निघाली की मला ही कबर आठवते.

आमचा सातारा जिल्हा फौजेत जाणाऱ्यांचा. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. युद्ध इंग्रजांचे होते, माणसे आपली होती. त्याच युद्धात पूना डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत या गावी वेढ्यात अडकली. तीत मराठा पलटणीही होत्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ असा तो वेढा चालला. धान्य संपले, घोड्याचे मांस खाण्याची पाळी आली. शेवटी सुमारे १३ हजार सैनिक शरण गेले आणि त्यांतले हजारो पुढे कैदेत मेले.

इराकचा प्रश्न २००३ साली पुन्हा आपल्या दारात आला. मार्चमध्ये अमेरिकेने तिथे युद्ध सुरू केले आणि नंतर बंदोबस्तासाठी भारताकडे सैन्य मागितले. सुमारे १७ हजार जवान पाठवण्याची चर्चा होती. ‘आपण जाऊ नये’ असे मी चहाच्या टपरीवर बोलून गेलो. ओळखीचा एक जण म्हणाला, ‘भाई, तिथं तुमची माणसं हायत, म्हणून तुम्हाला तसं वाटतंय.’

मला वाईट वाटले. करबला, बगदाद ही नावे मी लहानपणापासून मोहरमात ऐकत आलो, हे खरे. ताबुताबरोबर चालणाऱ्या माझ्या हिंदू शेजाऱ्यांनीही ती ऐकली आहेत. पण माझी शंका बगदादहून आलेली नव्हती. ती श्रीलंकेहून आली होती.

२९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करार केला आणि आपली शांतिसेना श्रीलंकेत उतरली. तमिळ बंडखोरांनी शस्त्रे खाली ठेवायची आणि आपण त्यावर देखरेख करायची, असा बेत होता. ऑक्टोबरमध्ये त्याच बंडखोरांशी आपली लढाई जुंपली. यातल्या काहींना पूर्वी आपल्याकडूनच शस्त्रे आणि प्रशिक्षण मिळाले होते. पुढे श्रीलंकेच्या नव्या अध्यक्षांनीही ‘आता परत जा’ म्हटले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली, तोवर सुमारे बाराशे भारतीय जवान मृत्युमुखी पडले होते. तिथले युद्ध थांबायला २००९ साल उजाडले.

आमच्या आळीतले एक निवृत्त सुभेदार त्या सैन्यात होते. ते एकदा म्हणाले, ‘भाई, सीमेवर समोर कोण हाय ते ठाऊक असतंय. तिथं सकाळी पाणी देणारा कोण आन् रात्री सुरुंग पेरणारा कोण, कळतच नव्हतं.’ शौर्यात त्यांनी काही कमी केले नव्हते. काम काय आहे, हेच मध्यावर बदलले होते.

मग परदेशात कधीच सैन्य पाठवू नये का? तसे मी म्हणणार नाही. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित आपल्याकडे आले होते. तेव्हा नुसते बघत बसणे हाही गुन्हाच ठरला असता. जमालपूरला लढलेल्या मराठा पलटणीचा आम्हाला अभिमान आहे. १९८८ च्या नोव्हेंबरात मालदीवमध्ये बंड झाले. तिथल्या अध्यक्षांनी मदत मागितली, आपले जवान विमानाने गेले आणि बंड लगेच मोडले. संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीखालीही आपले सैनिक अनेक देशांत गेले आहेत.

या उदाहरणांवरून सामान्य माणसाने विचारायचे प्रश्न सापडतात. बोलावले कुणी, तिथल्या लोकांनी की तिसऱ्याच कुणी? काम नेमके कोणते? ते संपले हे कशावरून ओळखायचे? आणि परतीची वाट ठरली आहे का? मालदीवच्या वेळी या प्रश्नांना उत्तरे होती. श्रीलंकेत शेवटच्या दोन प्रश्नांना उत्तरच नव्हते.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. सैन्य परदेशी धाडण्याआधी संसदेची मंजुरी घेतलीच पाहिजे, अशी अट आपल्या घटनेत नाही. निर्णय सरकार घेते. म्हणून लोकांनी आधी बोलणे महत्त्वाचे. २००३ साली लोक बोलले, विरोधी पक्ष बोलले, लोकसभेने युद्धाविरुद्ध ठराव केला. १४ जुलैला वाजपेयी सरकारने जाहीर केले, की संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय आपण सैन्य पाठवणार नाही. ज्या महाविनाशक अस्त्रांच्या नावाने ते युद्ध झाले, त्यांचे साठे इराकमध्ये सापडलेच नाहीत.

नकाराची बातमी आली त्या दिवशी टपरीवरचा तोच गृहस्थ मला म्हणाला, ‘बरं झालं भाई. आमचा पुतण्या पलटणीत हाय.’ मी काही बोललो नाही, चहा सांगितला.

पहाटे फिरायला निघालो की रस्त्यावर भरतीसाठी पळणारी पोरे भेटतात. उद्या हुकूम झाला तर ती जातील. ‘का’ असे विचारणे शिपायाच्या शिस्तीत बसत नाही. ते विचारायचे काम मागे राहणाऱ्या आपल्यासारख्यांचे आहे, आणि ते पोरे निघण्यापूर्वी करायचे असते.